कलकत्त्याच्या दरबारी नागपूरचे वकील

भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झालाच नाही; नाव मात्र ‘मराठा खंदक’ असे पडले. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी सालिना १२ लाख रुपये कबूल केले. १७६५ मध्ये दिवाणी इंग्रजांकडे गेली आणि चौथाईच्या तगाद्यासाठी नागपूरकरांना कलकत्त्याचे दार ठोठवावे लागले.

वॉरन हेस्टिंग्जला नागपूरचे महत्त्व १७७८ मध्ये विशेष जाणवले. फ्रान्सशी युद्ध पेटले होते, चंद्रनगर इंग्रजांनी घेतले होते आणि पुण्यात नाना फडणीस सेंट लुबिन या फ्रेंच वकिलाचा सत्कार करून चुकले होते. सातारच्या गादीवरील हक्काचे आमिष दाखवून मुधोजी भोसल्यांना पुण्यापासून फोडावे, असा हेस्टिंग्जचा बेत होता. त्यासाठी निघालेला एलियट वाटेतच मरण पावला.

१७८० मध्ये डाव उलटला. नाना, हैदर, निजाम आणि भोसले यांचा इंग्रजांविरुद्ध जमाव झाला. बंगालवर चालून जाण्याचे काम भोसल्यांकडे आले. मुधोजींचे पुत्र चिमणाजी सुमारे ३०,००० स्वारांसह निघाले, पण रेंगाळत कटकला पोहोचले आणि तेथेच थांबले. फौज पुण्याचा शब्द राखण्यापुरती हालत होती, बोलणी मात्र कलकत्त्याशी चालली होती. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले. १७८१ मध्ये हैदराविरुद्ध मद्रासेस निघालेली कर्नल पिअर्सची पलटण भोसल्यांच्याच मुलखातून निर्वेध पार पडली.

या व्यवहाराच्या मध्यभागी बेनीराम पंडित हा नागपूरचा वकील होता. ऑगस्ट १७८१ मध्ये चेतसिंगाच्या उठावामुळे हेस्टिंग्जला बनारसहून रातोरात चुनारला पळावे लागले, तेव्हा बेनीराम व त्याचा भाऊ त्याच्या पाठोपाठ गेले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. (धन्याच्या वकिलाने परक्या गव्हर्नराची अशी पाठराखण करावी, हे तत्कालीन वकिलीच्या रिवाजातही विलक्षणच.) हेस्टिंग्जने पुढे त्याला जहागीर दिली.

मुधोजींना फितुर म्हणणे सोपे आहे. पण पुणे व नागपूर यांच्यातील वैर जुने होते. बंगाल जिंकून दिल्यास तो आपल्या हाती राहील, याची शाश्वती भोसल्यांना कोण देणार? त्यांचा संशय समजण्याजोगा होता. हिशेब मात्र तोकडा होता. रोख रक्कम मिळाली, पण बंगालवरचा दाब कायमचा सुटला. हैदर कर्नाटकात लढत असताना पूर्वेकडून येणारी धडक आलीच नाही, आणि १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे व अँडरसन यांनी सालबाईचा तह ठरविला. नानांनी त्यावर मान्यता डिसेंबरपर्यंत लांबविली. त्याच महिन्यात हैदर मरण पावला.

पिअर्स ज्या वाटेने गेला तो कटक प्रांत १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींना कंपनीच्या स्वाधीन करावा लागला.