डाग कातडीवर, घाव मूत्रपिंडावर

इसवी सन १८६९ च्या आरंभीं लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स रुग्णालयांत कोळशाच्या धक्क्यावरील एक कामगार आला. त्याच्या हातापायांवर जांभळट चट्टे उठले होते. डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनीं हा वातरक्ताचा प्रकार मानला. १८७५ सालीं तो कामगार मूत्रपिंडें निकामी होऊन मरण पावला. कातडीवरील चट्टे आणि पोटांतील मूत्रपिंडें यांचा संबंध असावा, ही शंका त्या काळीं कोणास यावी?

१८९९ सालीं नॉर्वेतील सीझर बोक यांनीं अशाच गांठी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांस ‘सार्कॉइड’, म्हणजे मांसार्बुदासारखें दिसणारें, असें नांव दिलें. सार्कॉइडोसिस हें आजचें नांव त्यावरूनच आलें. स्वीडनमधील शाउमान यांनीं १९१४ च्या निबंधांत हा रोग केवळ कातडीचा नसून सर्व शरीराचा आहे, असें प्रतिपादिलें.

मूत्रपिंडाचें कोडें उलगडलें तें रक्तपरीक्षेनें. १९३९ सालीं अमेरिकेंत हॅरेल व फिशर यांना अशा रुग्णांच्या रक्तांत कॅल्शियम, म्हणजे चुन्याचें तत्त्व, वाढलेलें आढळलें. तें कां वाढतें, याचा धागा १९८१ सालीं हातीं आला. मूत्रपिंडें नसलेल्या एका रुग्णाच्या रक्तांतही ‘ड’ जीवनसत्त्वाचें प्रभावी रूप वाढलेलें होतें. हें रूप घडविणें हें एरवीं मुख्यतः मूत्रपिंडाचें काम. येथें तें रोगाच्या गांठींतील पेशी करीत होत्या, आणि त्यांस शरीराचा नेहमींचा लगाम नव्हता. त्यामुळें आंतड्यांतून कॅल्शियम अधिक शोषलें जातें, मुतखडे होतात, मूत्रपिंडांत तें सांचतें. कधीं गांठी खुद्द मूत्रपिंडांतच उद्भवतात. लंडनच्या त्या कामगाराच्या मृत्यूकडेही मग अभ्यासक निराळ्या दृष्टीनें पाहूं लागले.

परभणीसारख्या रखरखीत उन्हाच्या जिल्ह्यास ही कथा परकी नव्हे. उन्हानें कातडींत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें. निरोग्यास तें हितकर. या रुग्णास मात्र अपायकारक ठरूं शकतें. शिवाय या गांठींचें क्षयाच्या गांठींशीं साम्य असल्यानें, क्षय जेथें फार, तेथें निदान चुकण्याचा संभव अधिक. म्हणून सार्कॉइडोसिस ठरतांच रक्तांतील कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासणें अगत्याचें आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत. प्रेडनिसोलोनसारख्या औषधानें वाढलेलें कॅल्शियम बहुधा उतरतें. परंतु मूत्रपिंड फार काळ मुकाट्यानें सोसतें, आणि एकदां तें सुकलें म्हणजे औषधाचा इलाज चालत नाहीं.