उत्तर द्यायला कोणी नसताना: पॅकेज मॅनेजर आणि प्लगइन

समजा, बीरगांवातल्या एखाद्या महाविद्यालयात तुम्हाला चाळीस संगणकांवर लिनक्स बसवायचे आहे. रात्रभर काम आपोआप चालावे म्हणून तुम्ही स्क्रिप्ट लावून घरी जाता. सकाळी पाहता तर पहिलाच संगणक एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला! हा प्रश्न विचारला कोणी, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनमध्ये पॅकेजची स्क्रिप्ट आपले प्रश्न थेट पडद्यावर विचारत असे. रेड हॅटच्या आरपीएमने स्थापनेच्या वेळी काही विचारायचेच नाही, असा मार्ग धरला. डेबियनने प्रश्न ठेवले, पण त्यांची जागा बदलली. जोई हेस यांच्या डेबकॉन्फमध्ये (१९९९) प्रश्न स्क्रिप्टबाहेर, वेगळ्या साच्यात आला. त्याला डीफॉल्ट उत्तर आणि महत्त्वाची श्रेणी मिळाली. प्रश्न दाखवायचा कसा, हे ‘फ्रंटएंड’ ठरवू लागला. ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ नावाचा फ्रंटएंड काहीच न विचारता डीफॉल्ट उत्तर घेतो. साचे वेगळे झाल्याने त्यांचे भाषांतरही सोपे झाले. फेब्रुवारी २००९ च्या डेबियन ५.० मध्ये इन्स्टॉलरच्या भाषांत मराठीची भर पडली.

तरी एक फट राहिलीच. ॲप्ट-गेटला ‘-वाय’ दिले की फक्त ॲप्टच्या प्रश्नांना ‘होय’ मिळते. डेबकॉन्फला वेगळे सांगावे लागते, आणि बदललेली कॉन्फिगरेशन फाईल ठेवायची की नवी घ्यायची, हे डीपीकेजी स्वतंत्रपणे विचारतो. विद्यार्थी हमखास अडकतात ते इथे.

प्लगइन म्हणजे या गर्दीत आणखी एक बोलणारा. पीएचपीच्या कंपोझरमध्ये (२०१२) ‘नो-इंटरॅक्शन’ हा पर्याय मुख्य प्रोग्रामला एकदाच देतात. म्हणून प्लगइनने कीबोर्ड स्वतः वाचू नये. कंपोझरने दिलेल्या इनपुट-आउटपुट ऑब्जेक्टमार्फतच विचारावे. मग कोणी समोर नसताना प्रश्नाचे डीफॉल्ट उत्तर आपोआप लागू होते. अर्थात ते उत्तर निरुपद्रवी हवे. फाईल पुसायची का, याचे डीफॉल्ट ‘होय’ ठेवणारा प्लगइन माझ्या मते सदोषच. आणि सुरक्षित डीफॉल्ट सापडतच नसेल, तर स्पष्ट त्रुटी देऊन थांबावे.

खुद्द प्लगइनवर विश्वास ठेवायचा का, हाही प्रश्नच आहे, कारण त्याचा कोड तुमच्या अधिकाराने चालतो. डिसेंबर २०२१ मधल्या कंपोझर २.२ ने तो विचारायला सुरुवात केली. विचारायला माणूस नसेल तेव्हा काही महिने सवलत होती. जुलै २०२२ पासून परवानगी नसलेला प्लगइन अडवला जातो. त्यामुळे अनेक स्वयंचलित बिल्ड बंद पडले. उपाय एका ओळीचा होता: प्रकल्पाच्या फाईलमधल्या ‘अलाऊ-प्लगइन्स’ यादीत त्या प्लगइनचे नाव आधीच लिहून ठेवणे.