'प्रोरोग' म्हणजे काय? तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन यांत नेमका फरक काय?

१२ फेब्रुवारी २०२२ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन राज्यपाल जगदीप धनखड यांनी एक आदेश ट्विट केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार आपण राज्याची विधानसभा 'प्रोरोग' करत आहोत, असं त्यात म्हटलं होतं. राज्यपाल आणि मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यातले संबंध आधीच ताणलेले होते. त्यामुळे अनेकांना ही राज्यपालांची नवी खेळी वाटली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनीही ट्विट करून टीका केली. प्रत्यक्षात ही शिफारस खुद्द ममता सरकारनेच केली होती आणि धनखड यांनी स्टॅलिन यांना उत्तर देताना ते स्पष्ट केलं.

एवढा गोंधळ उडवणाऱ्या या क्रियापदाचा अर्थ तरी काय?

सोप्या शब्दांत अर्थ

प्रोरोग करणं म्हणजे संसदेचं किंवा विधिमंडळाचं चालू सत्र औपचारिकपणे संपवणं. सभागृह कायम राहतं, सदस्यांची पदंही कायम राहतात. संपतं ते फक्त सत्र.

या शब्दाचं नाम 'प्रोरोगेशन'. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात त्यासाठी 'सत्रसमाप्ती' हा शब्द आहे, तर हिंदीत 'सत्रावसान' म्हणतात. मराठी बातम्यांमध्ये 'अधिवेशन संस्थगित' असंही वाचायला मिळतं. उच्चार 'प्रो-रोग' असाच असला, तरी मराठीतल्या रोगाशी या शब्दाचा काही संबंध नाही.

शब्द आला कुठून?

मूळ लॅटिन 'प्रोरोगारे', म्हणजे मुदत वाढवणं. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्याचा कार्यकाळ संपत आला आणि मोहीम अर्धवट असली, तर त्याचे अधिकार पुढे चालू ठेवले जात. इसवी सन पूर्व ३२६ मध्ये नेआपोलिस, म्हणजे आजचं नेपल्स, या शहराच्या वेढ्यावेळी क्विंटस पब्लिलियस फिलो या सेनानीला अशी मुदतवाढ मिळाली होती. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर 'पुढे नेणं', 'लांबणीवर टाकणं' असा अर्थ होत होत शेवटी तो 'सत्र संपवणं' इथे स्थिरावला.

तीन शब्द, तीन वेगळे अधिकार

*तहकूब करणं:* बैठक काही तासांसाठी, दिवसांसाठी किंवा अनिश्चित काळासाठी थांबवणं. हा अधिकार लोकसभेत अध्यक्षांचा, राज्यसभेत सभापतींचा. सत्र मात्र सुरूच असतं.

*प्रोरोग करणं:* सत्र संपवणं. केंद्रात राष्ट्रपती आणि राज्यात राज्यपाल हा आदेश काढतात, साधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार. त्यानंतर नवं सत्रही त्यांनीच बोलवावं लागतं.

*विसर्जित करणं:* सभागृहच संपवणं. त्यानंतर निवडणूक. राज्यसभा आणि विधान परिषद ही कायमस्वरूपी सभागृहं असल्याने ती विसर्जित होत नाहीत.

म्हणजे खरा फरक सभागृहाचं कुलूप उघडण्याची चावी कुणाकडे जाते, हा आहे. तहकुबीत ती सभागृहाच्या प्रमुखाकडे राहते. प्रोरोगमध्ये ती व्यवहारात सरकारच्या हातात जाते. विसर्जनात ती मतदारांकडे येते.

भारतात यामुळे काय बदलतं?

प्रलंबित विधेयकांवर परिणाम होत नाही. अनुच्छेद १०७ नुसार सत्रसमाप्तीमुळे विधेयक रद्द होत नाही. ब्रिटनमध्ये मात्र पुढच्या सत्रात नेण्याचा वेगळा निर्णय झाला नसेल, तर अपूर्ण विधेयकं सहसा बारगळतात.

मोठा फरक पडतो तो अध्यादेशांबाबत. संसदेची दोन्ही सभागृहं सत्रात असताना राष्ट्रपतींना अध्यादेश काढता येत नाही. २०१५ मध्ये भूसंपादन कायद्यातल्या बदलांचा अध्यादेश एप्रिलच्या सुरुवातीला संपणार होता. त्याच्या जागी आणलेलं विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. अर्थसंकल्पी अधिवेशनाची मधली सुट्टी सुरू होती, पण सुट्टी म्हणजे सत्रसमाप्ती नव्हे. मग मार्चअखेर केवळ राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा काढण्यात आला.

अर्थात सरकारला सभागृह हवं तितका काळ बंद ठेवता येत नाही. एका सत्राची शेवटची बैठक आणि पुढच्या सत्राची पहिली बैठक यांत ६ महिन्यांचं अंतर पडू नये, असं बंधन राज्यघटनेनेच घातलं आहे.

वाद कधी होतो?

एरवी ही नेहमीची प्रक्रिया आहे. सरकार अडचणीत असताना ती वापरली, की प्रश्न उभे राहतात.

कॅनडात डिसेंबर २००८ मध्ये विरोधक एकत्र येऊन पंतप्रधान स्टीफन हार्पर यांचं अल्पमतातलं सरकार पाडण्याच्या तयारीत होते. हार्पर यांच्या सल्ल्यावरून गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी संसद जानेवारीपर्यंत प्रोरोग केली. मतदान टळलं, सरकार वाचलं.

ब्रिटनमध्ये २०१९ साली ब्रेक्झिटची ३१ ऑक्टोबरची मुदत तोंडावर असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला संसद सुमारे ५ आठवडे प्रोरोग करण्याचा सल्ला दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ सप्टेंबरला ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: पुरेसं कारण नसताना संसदेला तिचं काम करण्यापासून रोखणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे संसद प्रोरोग झालेलीच नाही. दुसऱ्याच दिवशी कामकाज सुरू झालं. कॉमन्स सभागृहाच्या नोंदीतून प्रोरोगेशनचा उल्लेख काढून तिथे सभागृह 'तहकूब' झाल्याची नोंद करण्यात आली.

शब्द वापरायचा कुठे?

हे क्रियापद संसद आणि विधिमंडळांपुरतंच आहे. हाउसिंग सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी 'तहकूब' होते, 'प्रोरोग' नाही. 'संसद बरखास्त' किंवा 'आमदार निलंबित' असा त्याचा अनुवाद करणं तर साफ चूक.

त्यामुळे पुढच्या वेळी असा आदेश फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा: आदेश कुणाच्या सहीचा आहे, सल्ला कुणाचा आहे आणि सभागृह पुन्हा कधी भरणार आहे. पश्चिम बंगालच्या बाबतीत दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं असतं, तर वादच झाला नसता.