खिळे, गोटी आणि नशीब

आषाढाची झड लागली, रत्नागिरीच्या रस्त्यांवरील वर्दळ थांबली, कीं पडवींत कॅरमबोर्ड मांडला जातो. दमट हवेनें बोरिक पावडरीच्या गुठळ्या होतात, सोंगटी अर्ध्या वाटेंत अडते. तरीहि चार माणसें दिवेलागणीपर्यंत हलत नाहींत.

आमच्या बाळपणीं या कॅरमाशेजारीं आणखी एक फळी असे. ती किंचित् उतरती, तींत ओळींनीं खिळे ठोकलेले, मध्यें अंकांचीं घरें, उजव्या अंगास स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला कीं गोटी वर जाई आणि खिळ्यांवर आपटत कोठल्या तरी घरांत विसावे. हिला आम्ही बागाटेल म्हणत असूं. कॅरममध्यें थोरल्या भावंडांपुढें आमची डाळ शिजत नसे. बागाटेलवर मात्र आजी सर्वांस हरवी. घरांतील वकील काका म्हणत, कॅरम हा खेळ. बागाटेल ही जुगाराची पहिली पायरी. त्यांस आधार होता १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा. केवळ कौशल्याच्या खेळास हा कायदा लागूं नाहीं, असें त्याचें तेरावें कलम सांगतें. पुढें १९५७ सालीं चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या स्पर्धेंत यश बव्हंशीं कौशल्यावर अवलंबून, ती जुगार नव्हे. काकांचा निकाल अर्थात् त्याहूनहि कडक होता.

या फळीचें कुळ मोठें आहे. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें बिलियर्डच्या टेबलावरून ती निघाली. १८७१ सालीं अमेरिकेंत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हनें काठीच्या जागीं स्प्रिंगचा दांडा बसविण्याचें पेटंट घेतलें. १९३१ मध्यें गॉटलीबच्या ‘बॅफल बॉल’नें ती दुकानांच्या गल्ल्यावर चढली. तो मंदीचा काळ. एका नाण्यांत घटकाभर करमणूक होई, आणि हातीं काम नसलेल्या माणसास आणखी काय हवें होतें? मग वीज आली, घंटा आल्या, ‘पिनबॉल’ हें नांव रूढ झालें. परंतु गोटी एकदां सुटली कीं यंत्रास धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातीं कांहींच नसे. म्हणून १९४२ च्या जानेवारींत न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं तीं यंत्रें जुगाराचीं ठरवून जप्त करविलीं आणि स्वतः घण उचलून फोडलींहि. आमच्या काकांनीं टाळ्या वाजविल्या असत्या!

गंमत अशी कीं, पांचच वर्षांनीं, १९४७ त, गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रांत गोटी परत वर उडविणारे हात बसले, आणि खेळ खरोखर खेळणाऱ्याचा झाला. बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या तरुणानें नगरसभेच्या सदस्यांपुढें यंत्र चालविलें. गोटी वरच्या कोणत्या वाटेनें उतरेल हें आधीं सांगून त्यानें दांडा ओढला, आणि ती तेथूनच उतरली. बंदी उठली.

कॅरमास असें सिद्ध करावें लागलें नाहीं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. राणी घेतली तर लगेच आपली सोंगटी घालून ती राखावी लागते. यांत नेम लपत नाहीं. १९८८ सालीं चेन्नईस त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला, १९९६ त मारिया इरुदयम् यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. बागाटेल माळ्यावर गेलें.

शार्पची हकीकत प्रथम वाचली तेव्हां आम्ही थबकलों. त्यानें नगरसभेस जिंकलें तें त्या उडत्या हातांनीं नव्हे, नुसत्या दांड्यानें. रेडग्रेव्हच्या, म्हणजे आमच्या फळीवरच्याच, दांड्यानें. आजी दांडा नेहमीं दोनच बोटांनीं धरी. तो ओढतां ओढतां मध्येंच एके ठिकाणीं थांबे, क्षणभर खिळ्यांकडे पाही, आणि मग सोडी. तें ठिकाण कोणतें, हें तिनें आम्हांस कधीं सांगितलें नाहीं, काकांस तर नाहींच.