कायथ्याची पांढर

उज्जयिनीचे नाव निघाले की महाकाल, शिप्रेचे घाट आणि विक्रमादित्याच्या कथा मनापुढे उभ्या राहतात. शिंद्यांची ही जुनी राजधानी मराठी माणसाला परकी नाही. परंतु तिच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, छोट्या काली सिंध नदीच्या काठी, कायथा नावाचे जे खेडे आहे, तिकडे यात्रेकरूची पावले सहसा वळत नाहीत. विंध्याच्या उत्तरेस पसरलेल्या माळव्याच्या पठारावर, काळ्याभोर शिवारात, हे गाव एका टेकाडावर वसले आहे. टेकाड निसर्गाने घडविलेले नव्हे. घरे पडावीत आणि त्यांच्याच मातीवर नवी उठावीत, असे होत होत ते वाढले. अशा जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात.

वराहमिहिराने आपल्या 'बृहज्जातका'त कपित्थकाचा, म्हणजे कवठाच्या नावाच्या गावाचा, उल्लेख केला आहे. ते गाव हेच, असे अनेक विद्वान मानतात. एवढा मान दुसऱ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पुरला असता. कायथ्याच्या इतिहासात मात्र सहाव्या शतकातील हा ज्योतिषी अगदी अलीकडचा ठरतो!

१९६४ साली उज्जैनचे वि. श्री. वाकणकर ह्यांनी ह्या पांढरीचे महत्त्व ओळखले. भीमबेटकाची चित्रमय गुहाघरे १९५७ साली जगापुढे आणणारे ते हेच. पुढे विक्रम विद्यापीठाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. १९६७-६८ साली झेड. डी. अन्सारी व म. के. ढवळीकर हे त्या कामी होते. तळाशी जी वस्ती लागली ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, किंबहुना त्याहूनही जुनी निघाली. खुद्द उज्जयिनीची पहिली वस्ती तिच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी झाली.

त्या लोकांची घरे मातीकुडाची. भांडी मात्र चाकावर घडविलेली, गर्द तपकिरी मुलाम्याची, वर जांभळट रेघा ओढलेली. तांबे ओतून कुऱ्हाडी करण्याची कला त्यांस अवगत होती. एका घरात दोन मडक्यांत तांब्याच्या २८ बांगड्या मिळाल्या. अकीक व कार्नेलियन ह्या खड्यांचे दोन हार मिळाले, एकात १७५ मणी, दुसऱ्यात १६०. आणखी एका मडक्यात शंखजिऱ्याचे सुमारे ४०,००० सूक्ष्म मणी होते. मोहरीएवढा मणी घडवून त्याला वेज पाडायचे, आणि तेही हजारोंच्या संख्येने! खेडेगावच्या घरात ही दौलत केवळ हौसेची नव्हती. ती कोणी तरी जपून ठेवली होती, आणि ठेवणारे हात ती काढावयास परत आले नाहीत.

ह्या वस्तीच्या वर ओसाड मातीचा एक थर आहे. त्यावर नवे लोक आले, काळ्या-तांबड्या भांड्यांवर पांढरी नक्षी काढणारे. त्यांनी तेथेच चुली मांडल्या; पायांखालच्या मडक्यांची त्यांना वार्ताही नव्हती.