मूनसामी म्हणजे कोण?

आमच्या टीममध्ये डर्बनचा एक जण आहे. आडनाव मूनसामी. शाळेत पोरं त्याला ‘मून’ म्हणून चिडवायची, त्यामुळे बरीच वर्षं त्यालाही वाटायचं की आडनावात कुठेतरी चंद्र आहे. एकदा कॉल संपता संपता त्याने अर्थ विचारला. चेन्नईचा सहकारी हसला. चंद्र वगैरे काही नाही, मुनुसामी! मुनीश्वरन हा तमिळ गावांचा राखणदार देव, आपल्या म्हसोबा-वेताळाच्या जातकुळीतला. सामी म्हणजे स्वामी. ‘उ’साठी दोन ‘ओ’ लिहायची इंग्रजांची जुनी सवय. तिनेच पुण्याचं ‘पूना’ केलं.

मी अडलो ते पुढे. मुनुसामी हे आडनाव नाहीच, ते पाळण्यातलं नाव. चेन्नईवाल्यालाही आडनाव नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचं एक अक्षर, बस. (आमच्या फॉर्ममधला ‘लास्ट नेम’चा रकाना त्याच्यासाठी कायमचा बग आहे.) आपणही वडिलांचं नाव मध्ये लावतो, पण ते दर पिढीला बदलतं. मग डर्बनच्या एका घरात एकाच बापाचं नाव इतक्या पिढ्या कसं राहिलं?

१६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ जहाज मद्रासहून डर्बनला लागलं. उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेल्या मजुरांचं नाताळमधलं हे पहिलं जहाज. करार पाच वर्षांचा, पगार महिना दहा शिलिंगांपासून. १९११पर्यंत असे दीड लाखावर लोक गेले, त्यातले बहुतेक मद्रासमार्गे. प्रत्येकाला एक नंबर. जहाजाच्या यादीत नंबरापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव. पिल्ले, नायडू, मुदलियार अशा पदव्या ज्यांच्या नावामागे होत्या, त्यांची आडनावं त्यातूनच झाली: पिल्ले, नायडू, मूडली. नुसत्या मुनुसामीचं काय? त्याची मुलं सरकारी कागदावर ‘मूनसामी’ झाली, आणि नातवंडांच्या वेळी ते अक्षर बदललं नाही. तिथे थांबलं.

म्हणून डर्बनमधले दोन मूनसामी एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. वेगवेगळ्या गावांतून आलेले कितीतरी मुनुसामी होते. प्रत्येकापासून एक घराणं सुरू झालं. आणि प्रत्येकाचा बाप मात्र यादीतल्या एका रकान्यात राहून गेला, कारण त्याचं अक्षर पुढे लावायला कोणी उरलं नाही.

या याद्या आता कॉम्प्युटरवर शोधता येतात, पण नुसतं ‘मूनसामी’ टाकून उपयोग नाही, ढीगभर निघतात. नंबर लागतो. आमच्या मित्राला तो पणजोबांच्या जन्मनोंदीत सापडला. तिथे आईबापांचे नंबर लिहिलेले असायचे. नंबर टाकल्यावर एकच ओळ आली. बापाच्या रकान्यात ‘अप्पावू’, पुन्हा दोन ‘ओ’ लावून.

त्याने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. चेन्नईवाल्याने खाली एवढंच लिहिलं: ‘म्हणजे तुझा खापरपणजोबा ए. मुनुसामी.’