मागे पाहण्याची सोय : मोटारीतील आरशाचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगावयास जो बसतो, तो बहुधा एंजिनापासून आरंभ करतो. जर्मनीत १८८६ मध्ये कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तेथून गोष्ट सुरू होते आणि वेग, अश्वशक्ती, कारखाने व पेट्रोल यांत ती संपून जाते. त्या इतिहासाशी आमचे भांडण नाही. परंतु गाडी हाकणाऱ्याच्या हाताशी ज्या बारीकसारीक वस्तू असतात, म्हणजे आरसा, समोरची काच पुसणारा वायपर, हातमोज्यांचा कप्पा, गरम-गार हवा, रेडिओ, त्यांनाही एक इतिहास आहे. आणि तो पाहू गेले असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आत बसणाऱ्याचे सुख वाढविणारी वस्तू कारखानदाराने आपण होऊन, हौसेने, जाहिराती करून दिली. रस्त्यावरील दुसऱ्या माणसाचा जीव राखणारी वस्तू मात्र त्याच्याकडून मागून, भांडून आणि अखेर कायदा करून घ्यावी लागली. आरसा या दुसऱ्या जातीचा आहे. त्याचे पैसे एक देतो आणि उपयोग बहुतेक वेळा दुसऱ्याला होतो.

पहिल्या पंधरा-वीस वर्षांत मोटारीला आरसा नव्हता. त्यात नवल नाही. गाड्या उघड्या होत्या, मान वळविली की मागचे दिसे. आणि मागून येऊन आपल्याला गाठील असे वाहन तरी रस्त्यावर किती होते? बैलगाडीवानाला आणि टांगेवाल्याला मागचे कानानेच कळते. मोटारवाल्याचे कान मात्र त्याच्याच एंजिनाने बधिर करून टाकले होते. मागे काय चालले आहे हे समजण्याचे जुने साधन असे गेले, आणि नवे साधन कारखान्यातून यावयाच्या आधी एका बाईच्या हातातून आले.

डॉरथी लेव्हिट ही इंग्रज बाई शर्यतीत मोटार हाकीत असे. १९०६ मध्ये ब्लॅकपूल येथे तिने ताशी सुमारे ९१ मैलांचा वेग गाठून स्त्रियांचा विक्रम केला. १९०९ मध्ये तिने बायकांसाठी मोटार हाकण्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. एक सिलिंडरची लहान गाडी समोर ठेवून तेल कोठे घालावे, बिघाड कसा शोधावा, अंगावर काय घालावे, हे सारे तिने त्यात सांगितले आहे. त्या गाडीच्या बैठकीखाली एक छोटा खण असे. त्यात स्वच्छ हातमोजे, रुमाल, पावडर, केसांच्या पिना आणि एक हातआरसा ठेवावा, असे ती सांगते. इथवर वाचून पुरुष वाचक हसला असेल. पण पुढे ती म्हणते की, हा आरसा चांगला मोठा आणि दांड्याचा असावा, कारण मुखड्यासाठी तो लागेलच, परंतु गर्दीत गाडी चालविताना मधूनमधून उंच धरून मागे पाहण्यासही तो उपयोगी पडतो. प्रवासाला एकट्या निघणाऱ्या बाईने पिस्तूलही जवळ ठेवावे, असाही तिचा सल्ला आहे; तेव्हा हे पुस्तक नुसत्या नटण्यामुरडण्याचे नव्हते हे सांगावयास नको. मागे पाहण्याचा आरसा कारखान्यांनी सरसकट द्यावयास लागण्याच्या कितीतरी आधीचा हा उल्लेख आहे. हाताशी असलेल्या वस्तूचा दुसरा उपयोग शोधणे ही घर चालविणाऱ्याची बुद्धी आहे, असे आमचे मत आहे.

वायपरची हकीकत याहून फारशी वेगळी नाही. अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन हिने न्यूयॉर्कला थंडीत ट्रॅमचा चालक काच उघडून, गारठा सोसून समोर पाहतो आहे असे पाहिले आणि आतल्या आत दांडा फिरवून काच पुसण्याची युक्ती काढली. १९०३ मध्ये तिला पेटंट मिळाले. १९०५ मध्ये कॅनडातील एका व्यापारी पेढीने कळविले की यात काही कमाई दिसत नाही. पेटंटाची मुदत संपली तेव्हा घरोघर मोटारी होऊ लागल्या होत्या. तिच्या पदरी त्यातले काही पडले नाही.

आता आरशाची दुसरी कथा, जी अमेरिकेत पहिली म्हणून सांगतात. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोघे बसत : एक हाकणारा आणि दुसरा त्याचा सहायक यंत्रज्ञ. तेलाचा दाब सांभाळणे, टायरवर लक्ष ठेवणे आणि मागून कोण येतो आहे ते सांगणे, ही या दुसऱ्याची कामे. रे हॅरून याने मार्मन कंपनीची आपली पिवळी गाडी एकाच माणसाची केली होती. वजन कमी, वारा कमी अडे. इतर स्पर्धकांनी तक्रार केली की, याला मागचे दिसणार नाही, हा आमच्या जिवावर उठेल. तेव्हा हॅरूनने चार दांड्यांवर तीन इंच रुंद व आठ इंच लांब असा एक आरसा समोर बसवून टाकला. १९०४ मध्ये शिकागोत एका घोडागाडीवर आपण असा आरसा पाहिला होता, असे तो सांगे. तक्रार मिटली. ६ तास ४२ मिनिटांत, ताशी सरासरी साडेचौऱ्याहत्तर मैलांच्या वेगाने हॅरून जिंकला आणि आरसा प्रसिद्धीस आला.

या गोष्टीचे शेपूट मात्र पुष्कळदा सांगितले जात नाही. ती वाट विटांची होती. दोन वर्षांपूर्वीच तेथे सुमारे ३२ लाख विटा बसविल्या होत्या. त्या विटांवरून धावताना आरसा इतका थरथरे की आपल्याला त्यात काहीएक दिसत नव्हते, असे हॅरूनने मागाहून सांगितले. म्हणजे आरशाने काम केले ते पंचांचे समाधान करण्याचे. त्याच शर्यतीत दुसऱ्या एका गाडीतला सहायक यंत्रज्ञ बाहेर फेकला जाऊन मरण पावला. आणि तरीही १९१२ पासून असा दुसरा माणूस गाडीत असलाच पाहिजे असा नियम तेथे झाला व दहाएक वर्षे टिकला. थरथरणाऱ्या काचेपेक्षा माणसाच्या डोळ्यांवर शर्यतवाल्यांचा अधिक विश्वास होता, असे यावरून म्हणावे लागते.

पुढे १९२१ मध्ये एल्मर बर्गर याने मोटारीच्या आरशाचे पेटंट घेतले आणि तो बाजारात आणला. त्याचे नाव ‘पोलीस हेरणारा’ अशा अर्थाचे होते. मागून येणाऱ्या पोलिसाच्या मोटारसायकलीपासून सावध व्हा, ही त्याची शिफारस. दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून आरसा घ्या, असे सांगून तो खपला नसता. दंड चुकेल असे सांगितल्यावर खपला. व्यापारी माणसाला माणसाच्या स्वभावाची पारख असते खरी.

याच सुमारास मोटारीचे रूपही पालटत होते. १९१९ मध्ये अमेरिकेत दहांतली एकच गाडी छप्परबंद होती. १९२७ मध्ये दहांतल्या आठांहून अधिक बंद झाल्या. ऊन, पाऊस, धूळ बाहेर राहिली. पण त्यांच्याबरोबर नजरही आत कोंडली गेली. मान वळविली तरी मागचे आता एका लहानशा खिडकीतून दिसणार. तेव्हा खरोखर आरसा हवा झाला. परंतु बंद खोली मिळाल्यावर कारखानदारांचे चित्त ती खोली सजविण्यात अधिक रमले. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंचा मोटारीतला रेडिओ आला. १९४० च्या मालिकेत पॅकार्ड कंपनीने थंड हवेचे यंत्र दिले. ते सामानाची निम्मी जागा खाई, आणि बंद करावयाचे तर गाडी थांबवून, खाली उतरून, एंजिनाचा पट्टा काढावा लागे! १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅम गाडीत अत्तराची कुपी, ओठांना लावावयाची लाली आणि लोहचुंबकाने जागीच राहणारे पेले मिळत. तिची बैठक तर आपली जागा लक्षात ठेवी. नवरा-बायकोंपैकी जो बसेल त्याच्या बेताने ती बटणासरशी मागेपुढे होई. आम्ही सुखाला नावे ठेवीत नाही. लांबच्या प्रवासात पाठ अवघडलेला चालक कोणाच्याच हिताचा नसतो. पण ज्या देशात लालीला जागा होती, त्याच देशात चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा कित्येक गाड्यांवर जादा पैसे मोजून घ्यावा लागे.

१९६५ मध्ये राल्फ नेडर याचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक निघाले, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारीत आतला एक व चालकाच्या बाजूचा बाहेरचा एक असे दोन आरसे सक्तीचे झाले. डॉरथी लेव्हिटच्या पुस्तकाला तेव्हा एकोणसाठ वर्षे होत होती.

कायदा आरसा देतो. तो बसवून घेणे चालकाकडेच राहते. येथे थोडे पदार्थविज्ञान आले. आतला आरसा सपाट असतो, म्हणून त्यातले अंतर खरे वाटते. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्यावरची तोड फार सुंदर आहे. ती काच पाचरीसारखी, वर जाड व खाली निमुळती, अशी असते आणि तिचा मुलामा पाठीवर असतो. खालचा खटका ओढला की मुलाम्याचा लख्ख प्रकाश छताकडे जातो, आणि काचेच्या पुढच्या पृष्ठावरून परतणारा शेकडा चारएक प्रकाशच डोळ्यांना मिळतो. दिवा दिसतो, दिपवीत नाही. हा खटका कशासाठी आहे हे ठाऊक नसलेले चालक आम्हांस पुष्कळ भेटले आहेत.

बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. त्यांत आवाका मोठा मिळतो, पण वस्तू लहान आणि म्हणून दूर भासते. अमेरिकेत अशा आरशावर ‘वस्तू दिसते त्याहून जवळ आहे’ अशी सूचना कोरावी लागते. तरीही शेजारी एक पट्टा असा उरतो की तेथली मोटारसायकल कोणत्याच आरशात येत नाही. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या सभेपुढे दाखवून दिले की, यातला बराच दोष आरसा चुकीचा लावण्याचा आहे. बहुतेक लोक बाहेरच्या आरशात आपल्याच गाडीची कड पाहत बसतात. आतला आरसा दाखवितो तेच पुन्हा पाहतात. त्याची रीत आपल्याकडील उजव्या सुकाणूच्या गाडीला लावून सांगतो. आधी बैठक नीट करावी, कारण बैठक हलली की सगळे आरसे बिघडतात. मग आतल्या आरशात मागची सबंध खिडकी घ्यावी. मग डोके उजव्या काचेला जवळजवळ टेकवून उजवा आरसा इतका बाहेर वळवावा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. डोके गाडीच्या मध्यावर आणून डाव्याचेही तसेच करावे. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, आणि प्रथम चुकल्याचुकल्यासारखे वाटते. परंतु मागून पुढे जाणारे वाहन आतल्या आरशातून निघते तोच बाहेरच्या आरशात येते, आणि तेथून निघते तोच डोळ्याच्या कोपऱ्यात. उरलीसुरली जागा मान वळवूनच पाहावी लागते; तीस पर्याय नाही.

जपानने निराळा मार्ग धरला होता. तेथे आरसे दारावर न लावता पुढे, चाकांच्या वरच्या पत्र्यावर लावण्याचा नियम होता; दोन्ही आरसे समोरच्याच काचेतून दिसत, नजर फार फिरवावी लागत नसे. १९८३ मध्ये दारावरच्या आरशांस परवानगी मिळाली आणि खासगी गाड्यांनी जुनी रीत पाहता पाहता टाकली. टॅक्सीवाल्यांनी मात्र ती पुष्कळ वर्षे सोडली नाही. दिवसभर ज्याला गर्दीत गाडी चालवावयाची, त्याला रूपापेक्षा सोय कळते.

आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीचा आरसा आत असो वा बाहेर, मागचे स्पष्ट दिसले म्हणजे झाले, अशी मोकळीक होती. त्या मोकळिकीचा कारखानदारांनी व्हावयाचा तोच उपयोग केला. टाटांची नॅनो २००९ मध्ये आली, तेव्हा तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारात बाहेरचा आरसा चालकाच्या बाजूला एकच आणि वायपरही एकच होता. एक लाखाच्या गाडीत काटकसर समजू शकते, आणि दुचाकीवर चौघे बसत त्यांना छप्पर देण्याचा तो हेतू उदार होता. तथापि आपल्या रस्त्यावर डावीकडूनही वाहने घुसतात, आणि त्या बाजूला सायकलवाला व पायी चालणारा असतो. पुढे दोन्हीकडे आरसे असण्याची चाल पडली. परंतु शहरातल्या अरुंद गल्लीतून जाताना ते मोडू नयेत म्हणून दुमडून ठेवण्याची चालही तिच्याबरोबरच पडली. दुमडलेले आरसे घेऊन हमरस्त्याला लागलेल्या गाड्या कोणत्याही चौकात दिसतील.

राहता राहिली ती जागा, जी उत्तम लावलेल्या आरशातही येत नाही : गाडीच्या अगदी पाठीशी, कमरेखालची. अमेरिकेत २००२ मध्ये एक बाप आपल्या घरापुढे गाडी मागे घेत होता. त्याचा दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली सापडला. बाप मुलांचा डॉक्टर होता, आणि त्याने सगळे आरसे पाहिले होते. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २००८ च्या फेब्रुवारीत मंजूर झाला. मागे घेताना होणाऱ्या अपघातांत त्या देशात वर्षाला सरासरी २१० माणसे मरतात, त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा, असा तेथील सरकारी खात्याचाच हिशेब होता. तरीही नियमाची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. गाडीमागे दृष्टिक्षेपक कॅमेरा बसविला तर गाडीमागे किती डॉलर वाढतील, याची चर्चा चालू राहिली. पालकांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०१४ मध्ये नियम निघाला आणि १ मे २०१८ पासून तो सर्व नव्या मोटारींना लागू झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून आवाज करणारे यंत्र सक्तीचे झाले. तोवर ते महागड्या गाड्यांच्या जाहिरातीत, रेडिओ आणि थंड हवेच्या शेजारी, सुखसोयींच्या यादीत छापले जात असे.